क्रीडांगणावर पालक हवेत

लहान मुलांच्या खेळाचा विषय निघाला की आपल्याकडे सामान्यतः तीन गोष्टींची चर्चा होते: मैदान, साहित्य आणि क्रीडाशिक्षक. या तिन्हींची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक गावात आणि प्रत्येक वस्तीत सहज उपलब्ध असलेल्या एका चौथ्या साधनाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते साधन म्हणजे मुलांचे आईवडील. आठवड्यातून तीन सायंकाळी तासभर वेळ देण्यास तयार असलेले पाचसहा पालक एकत्र आले, तर पहिली ते पाचवीच्या मुलांना नियमित खेळ मिळू शकतो. त्याचबरोबर दिवसभर खुर्चीवर अथवा दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या त्या पालकांच्या शरीरालाही हालचाल मिळते. एकाच उपक्रमातून दोन पिढ्यांचे आरोग्य साधणारी अशी व्यवस्था फारशा खर्चाविना उभी राहू शकते. मात्र ती कशी उभी करावी आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

कायद्यातील तरतूद आणि उरलेली पोकळी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे म्हटले आहे. खेळाचे साहित्य पुरविण्याचीही तरतूद तीत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही तीत नमूद आहे. परंतु पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अशा स्वतंत्र निदेशकाची तरतूद नाही. तेथे खेळाचा तास वर्गशिक्षकालाच सांभाळावा लागतो. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी पोषण आहाराच्या नोंदी लिहीत असताना दुसऱ्याने दोन वर्गांना एकाच वेळी खेळवावे, ही अपेक्षा किती पूर्ण होऊ शकते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

स्पर्धांची रचनाही मोठ्या मुलांना अनुकूल आहे. शालेय क्रीडा स्पर्धांचे १४, १७ व १९ वर्षांखालील गट सर्वपरिचित आहेत. त्यांतील सर्वांत लहान गटातही सहा-सात वर्षांच्या बालकाला प्रत्यक्षात स्थान नसते. म्हणजे धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, चेंडू झेलणे ही मूलभूत कौशल्ये ज्या वयात अंगवळणी पडतात, नेमक्या त्याच वयात मुलाकडे पाहणारा जाणता मनुष्य मैदानावर नसतो. ही पोकळी भरून काढण्यासाठी नामवंत प्रशिक्षकाची गरज नाही. मुलांवर लक्ष ठेवणारा, वेळ पाळणारा आणि त्यांच्याबरोबर स्वतः धावणारा प्रौढ मनुष्य तेथे पुरेसा असतो.

पालकांच्या प्रकृतीचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस स्वरूपाची शारीरिक हालचाल आवश्यक आहे. प्रौढांसाठी हे प्रमाण आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल, असे सांगितले आहे. मध्यम म्हणजे श्वास काहीसा वाढतो, अंगाला घाम येतो, पण बोलता येते इतपत.

या मोजमापाने आपली स्थिती समाधानकारक नाही. संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेली आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली पाहणी असे दर्शविते की, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आढळले. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी अपुऱ्या हालचालीचा जवळचा संबंध आहे, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. एखादा पालक आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ५० मिनिटे मुलांबरोबर मैदानावर खरोखर हालचाल करील, तर त्याची १५० मिनिटे पूर्ण होतात. यात ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कडेला खुर्ची टाकून शिटी वाजविल्याने ही मिनिटे भरत नाहीत. मुलांबरोबर फेरी मारणे, लंगडी घालून दाखविणे, दूर गेलेला चेंडू आणणे, रिंगणाभोवती सतत फिरत राहणे, या सर्वांचा मात्र हिशेबात समावेश होतो.

व्यायाम सुरू करून तो आठवडाभरात सोडून देणे हा अनेकांचा अनुभव असतो. एकट्याने पहाटे उठून चालावयास जाण्याचा संकल्प थंडी-पावसात सहज मोडतो. परंतु वीस मुले मैदानावर वाट पाहत आहेत हे ठाऊक असले, की पाऊल घरात थांबत नाही. दुसऱ्यासाठी घेतलेली जबाबदारी अशा प्रकारे स्वतःच्या नियमाला आधार देते.

अर्थात, सर्व पालकांची परिस्थिती सारखी नसते. दिवसभर खुरपणी, ऊसतोडणी अथवा बांधकामावर राबणाऱ्या आईवडिलांच्या शरीराला आणखी श्रमाची गरज नसते, त्यांना विश्रांती हवी असते. त्यांच्याकडून धावण्याची अपेक्षा करणे योग्य होणार नाही. त्यांना आठवड्यातून एखादा दिवस मुलांचा खेळ पाहता आला, हजेरीला अथवा पाणी देण्याला हातभार लावता आला, तरी तो सहभागच होय. धावण्याचा भार प्रामुख्याने बैठे काम करणाऱ्यांनी उचलावा. शिक्षक, तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, दुकानदार, बँकेचे कर्मचारी यांना या उपक्रमाची गरज अधिक आहे.

वस्तादांची परंपरा आणि परदेशातील अनुभव

मोबदला न घेता मुलांना घडविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या तालमींत वस्तादांनी लाल मातीत पिढ्या तयार केल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडून, दादासाहेब जाधव यांच्याकडून मिळाले. घरातील वडीलधाऱ्याने मुलाचे बोट धरून त्याला आखाड्यात नेणे ही आपलीच रीत आहे. कालौघात ती मागे पडली आणि मुलांचा खेळ हा केवळ शाळेचा अथवा शुल्क घेणाऱ्या शिकवणी वर्गाचा विषय बनला.

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. त्या देशात मुलांच्या स्थानिक क्रीडा मंडळांचा डोलारा मोठ्या प्रमाणावर पालकांच्या स्वयंसेवेवर उभा आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन विनामोबदला सामूहिक काम करण्याच्या तेथील जुन्या पद्धतीला ‘डुग्नाड’ असे म्हणतात. आपल्याकडे नांगरटीसाठी गावकरी बैलजोड्या घेऊन एकमेकांच्या शेतात जात, त्या इर्जिकीशी तिचे बरेच साम्य आहे. पालकांनी मुलांना शिकवावे, मैदानाची देखभाल करावी, सामन्याच्या दिवशी व्यवस्था पाहावी, हे तेथे गृहीत धरले जाते.

परंतु नॉर्वेने केवळ पालकांना मैदानावर आणले नाही, त्यांच्या उत्साहाला नियमांची चौकटही घातली. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासंबंधी नियम स्वीकारले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या क्रीडाविषयक हक्कांची जोड दिली. त्यानुसार निकालांच्या याद्या व क्रमवाऱ्या ११ वर्षे वयापूर्वी ठेवल्या जात नाहीत आणि १३ वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा घेतल्या जात नाहीत. सुरक्षितता, सवंगड्यांची सोबत, स्वतःच्या खेळाबाबत मत देण्याची संधी आणि स्पर्धेत उतरावे की नाही हे ठरविण्याची मुभा मुलांना आहे. एवढे करूनही हा छोटा देश हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतालिकेत वारंवार अग्रस्थानी राहिला आहे. लहानपणी जिंकण्याची घाई केली नाही म्हणून मोठेपणी खेळाडू घडत नाहीत, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

सुरुवात खो-खोपासून

कोणत्या खेळाने आरंभ करावा, हा प्रश्न पालकांपुढे प्रथम येतो. आपल्या गावांच्या दृष्टीने खो-खो हा अत्यंत सोयीचा खेळ आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाची नियमावली तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हापासून महाराष्ट्राचा या खेळाशी असलेला संबंध अतूट आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचेच.

पूर्ण मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन खांब आणि आखणीसाठी फक्की, एवढ्या साहित्यावर ते तयार होते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या पाटीवरील चौकांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही व मधली पाटी ओलांडता येत नाही. त्यामुळे बसलेल्या सवंगड्याला मागून ‘खो’ देऊनच दिशा बदलावी लागते. एकट्याच्या वेगाने भागत नाही, योग्य क्षणी दुसऱ्याला संधी द्यावी लागते, हे मूल येथे खेळता खेळता शिकते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र हे सर्व नियम एकदम सांगू नयेत. मैदान निम्मे करावे, पाच-सहा मुलेच बसवावीत, खांबावर सूर मारण्यासारख्या अवघड क्रिया वगळाव्यात. सुरुवातीचे काही आठवडे लंगडी, साखळी, विषामृत, शिवणापाणी व लगोरी हेच खेळ घ्यावेत. लंगडीने पायांत बळ व तोल येतो, साखळीने एकमेकांच्या गतीशी जुळवून घेण्याची सवय लागते, लगोरीने नेम व झेल सुधारतो. हे सर्व खेळ पालकांनी स्वतः लहानपणी खेळलेले असतात. त्यामुळे ‘आम्हाला शिकवता येणार नाही’ ही त्यांची शंका पहिल्या दिवशीच दूर होते.

एका तासाची आखणी

उपक्रम टिकावयाचा असेल तर वेळेची आखणी निश्चित हवी. पहिली दहा मिनिटे संथ धावणे व सांधे मोकळे करणे यांसाठी द्यावीत. यात पालकांनीही मुलांच्या रांगेत उभे राहावे. पुढील पंधरा मिनिटांत एकच कौशल्य घ्यावे. उदाहरणार्थ, बसलेल्या स्थितीतून झटकन उठून धावणे, अथवा धावता धावता हूल देणे. त्यानंतरची पंचवीस मिनिटे प्रत्यक्ष खेळासाठी ठेवावीत. अखेरची दहा मिनिटे हळू चालणे, अंग ताणणे, पाणी पिणे व दोन शब्द बोलणे यांत जावीत.

दर दहा-बारा मुलांमागे एक पालक असावा. रांगेत उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहण्यात मुलांचा वेळ जाऊ नये, म्हणून मोठ्या गटाचे दोन-तीन लहान गट पाडावेत. बाद झालेल्या मुलाला कडेला बसवून ठेवण्याची पद्धत या वयात सोडून द्यावी. जे मूल सर्वांत लवकर बाद होते, त्यालाच खेळण्याची सर्वाधिक गरज असते आणि जुन्या पद्धतीत तेच सर्वाधिक वेळ बसून राहते.

चाळिशी उलटलेल्या आणि बरीच वर्षे खेळापासून दूर राहिलेल्या पालकांनी पहिल्याच दिवशी मुलांशी शर्यत लावू नये. पहिले दोन आठवडे चालणे व संथ धावणे एवढ्यावरच थांबावे. रक्तदाब, मधुमेह अथवा छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच मैदानावर उतरावे.

मातांचा सहभाग

या उपक्रमात आई मागे राहण्याचा धोका मोठा आहे. सायंकाळची वेळ ही स्वयंपाकाची व पाणी भरण्याची वेळ असते. म्हणून मातांसाठी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरची अथवा रविवारी सकाळची वेळ ठेवता येईल. बचत गटांच्या बैठकीत या विषयाची चर्चा झाल्यास संकोच कमी होतो. आपल्या वयाच्या चार बायका मैदानावर असतील तर पाचवी आपणहून येते. मुलींच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. आईला धावताना पाहिलेल्या मुलीला मोठी झाल्यावर मैदान सोडण्यास सांगणे घरच्यांनाही जड जाते.

टाळावयाच्या गोष्टी

पालक मैदानावर आले म्हणजे सर्व काही आपोआप चांगले होते असे नाही. आपल्याच मुलाला वारंवार पुढे करणे, दुसऱ्याच्या मुलाशी त्याची तुलना करणे, हरल्यावर घरी जाईपर्यंत चुका मोजून दाखविणे, या गोष्टींनी मूल खेळापासून दुरावते. शक्यतो पालकाने आपल्या मुलाचा गट दुसऱ्याकडे द्यावा आणि दुसऱ्यांच्या मुलांना शिकवावे. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारावयास लावणे अयोग्य होय. धावणे ही शिक्षा आहे असे ज्या मुलाच्या मनात ठसते, ते पुढे धावण्यास राजी होत नाही. पाणी पिण्यास मनाई करणे तर धोकादायकच आहे. विदर्भ, मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी खेळ घेऊच नये.

सुरक्षिततेची दक्षता

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कोणतीही तडजोड असू नये. मैदानावर नेहमी किमान दोन प्रौढ व्यक्ती उपस्थित असाव्यात आणि कोणत्याही प्रौढाने मुलाला एकटे आडबाजूला नेऊ नये. स्वयंसेवकांची नावे शाळा व्यवस्थापन समितीने मंजूर केलेली असावीत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे कायदेशीर बंधन आहे, ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सर्वांना समजावून सांगावी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असावा.

प्रथमोपचाराची पेटी मैदानावर असावी. खरचटल्यास जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. पाय मुरगळल्यास खेळ थांबवून थंड पाण्याची घडी ठेवावी, चोळू नये. डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध झाले, त्याला उलटी झाली अथवा ते असंबद्ध बोलू लागले, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागविता येते.

शाळा व ग्रामपंचायतीचे कर्तव्य

अनेक गावांत खरी अडचण माणसांची नसून कुलपाची असते. शाळा सुटली की फाटक बंद होते. मुख्याध्यापकांची काळजीही निराधार नाही. खिडकीची काच फुटली अथवा मुलाला दुखापत झाली तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. यावर उपाय म्हणजे जबाबदारीची लेखी वाटणी. शिक्षण हक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य हे पालक व मुलांचे संरक्षक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने ठराव करून मैदानाची वेळ ठरवावी, किल्ली दोन नियुक्त पालकांकडे द्यावी आणि हजेरीची वही ठेवावी. मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या खांद्यावरील भार त्यामुळे उतरतो.

ग्रामपंचायतीने पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, एखादा दिवा आणि मैदानाचे सपाटीकरण एवढ्या चार गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ होईल. दगड-काचा वेचणे व पावसाळ्यानंतर गवत काढणे ही कामे श्रमदानाने होण्यासारखी आहेत. गावच्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण होण्यापूर्वी ती खेळासाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. रोज मुले खेळत असलेल्या जागेवर अतिक्रमण करणे कोणालाही सोपे जात नाही. क्रीडांगण विकासाच्या शासकीय योजनांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळू शकते. शारीरिक शिक्षण शिक्षकांनी अथवा तालुक्यातील जुन्या खेळाडूंनी पालकांसाठी एखादे दोन दिवसांचे शिबिर घेतल्यास मूलभूत कौशल्यांची ओळख चांगल्या प्रकारे होते.

उपक्रमाचे यश चषकांवर मोजू नये. सहा महिन्यांनंतर वही उघडून तीन प्रश्नांची उत्तरे पाहावीत. पहिल्या दिवशी आलेल्या मुलांपैकी किती मुले अद्याप येत आहेत? त्यांत मुली किती? आणि किती पालक टिकून आहेत? ही तीन उत्तरे समाधानकारक असतील, तर उपक्रम योग्य मार्गावर आहे असे समजावे.

महाराष्ट्रात खाशाबा जाधव यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून, तर मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन, २९ ऑगस्ट, हा राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. या दिवशी भाषणे व पारितोषिके यांबरोबरच गावातील पालकांची एक बैठक बोलावून स्वयंसेवकांची नावनोंदणी करावी आणि त्याच सायंकाळी मैदान आखून लंगडीचा पहिला डाव घ्यावा. एवढी सुरुवात करण्यासाठी वेगळ्या मंजुरीची अथवा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.